कुत्रेवाल्यांसाठी स्पॅनिश: उच्चार आणि रोजची वाक्यं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आधी वाचायचं कसं ते. इथे सगळं स्पॅनिश देवनागरीत दिलंय. ऽ ही खूण ज्या अक्षरापुढे दिसेल त्यावर जोर द्यायचा आणि तो स्वर किंचित लांबवायचा; चिडून ‘काऽय?’ म्हणताना जेवढा लांबवतो त्याच्या निम्माच. शब्दाचं शेवटचं अक्षर बिनमात्रेचं असेल तर ते मराठीसारखंच पाय मोडून वाचा. म्हणजे ‘बेन’ हा बेन्. एकाच अक्षराच्या छोट्या शब्दाला खूण दिलेली नाही.

इंग्रजी कच्चं आहे. स्पॅनिश जमेल का?

उलट बरं आहे. स्पॅनिशमधले त, द, प, क हे मराठीतल्यासारखेच आहेत. जीभ दातांना लागते आणि हवेचा झोत सुटत नाही. घोळ होतो तो शाळेत इंग्रजीच्या तासाला लागलेल्या सवयीमुळे. रोमन लिपीतला ‘टी’ दिसला की आपण ट म्हणतो, ‘डी’ दिसला की ड. स्पॅनिशमध्ये ट-ड नाहीतच. कुत्र्याचा पंजा म्हणजे ‘पाऽता’. ‘दाऽमे ला पाऽता’ म्हणजे ‘पंजा दे’. तिथे ‘पाटा’ म्हटलंत तर वरवंटाही मागून घ्या.

म्हणून आमचा सल्ला असा, की शब्द रोमन लिपीत पाठ करू नका. एकदा ऐका, देवनागरीत लिहून फ्रिजवर लावा आणि तिथूनच वाचा. छापील यादीवरून शिकलात तर आणखी एक सापळा आहे. इंग्रजीतल्या ‘कम’चं जे स्पेलिंग, तेच स्पॅनिशमध्ये ‘कोऽमे’ म्हणून वाचतात आणि त्याचा अर्थ ‘खा’. नवीन माणूस यादी बघून कुत्र्याला बोलावतो तेव्हा प्रत्यक्षात तो त्याला जेवायला सांगत असतो.

स्वर किती आहेत?

पाच: आ, ए, इ, ओ, उ. ‘अ’ नाही, ‘ॲ’ नाही, ‘ऑ’ही नाही. मराठी माणसाची इथली हमखास चूक म्हणजे ‘आ’चा ‘अ’ करणं. घर म्हणजे ‘काऽसा’. तो ‘कसा’ झाला की समोरचा बघतच राहतो. शेवटचा स्वरही गिळायचा नाही, कारण ‘पेऽर्रो’ हा नर आणि ‘पेऽर्रा’ ही मादी. फरक आहे तो तेवढाच.

दोन स्वर शेजारी आले की बहुतेक वेळा जोडाक्षर होतं. ‘सोड’ म्हणजे ‘स्वेऽल्ता’, यातला ‘स्वे’ अगदी ‘स्वेटर’मधला. ‘बस’ म्हणजे ‘स्येऽन्ता’. याचे ‘सि-येन-टा’ असे तुकडे पाडले की शब्द लांबतो आणि कुत्र्याला तो दर वेळी वेगळा ऐकू येतो.

‘च’ कोणता? आपल्याकडे तर दोन आहेत.

चांगला प्रश्न. ‘चार’, ‘चिमणी’मधला घ्यायचा. ‘चाक’, ‘चमचा’मधला दाताकडचा च स्पॅनिशमध्ये चालत नाही. ‘चि’, ‘चे’ला आपण चुकत नाही, पुढे ‘आ’ किंवा ‘ओ’ आला की घसरतो. ‘आडवा हो’साठी ‘एऽचाते’ म्हणतात. त्यातला ‘चा’ ‘चाक’सारखा गेला की शब्द ‘एत्साते’ होतो. ‘नर’ म्हणजे ‘माऽचो’, तिथेही तेच.

‘पेर्रो’तला र्र जमत नाही. काय करायचं?

जमतो, फक्त ओळख पटलेली नसते. साधा र मराठीतला एकटा र आहे, जीभ एकदाच टेकते. डबल र, आणि शब्दाच्या सुरुवातीचा कोणताही र, थरथरता असतो. जीभ दोन-तीनदा तडतडते. मराठीत हा आवाज ‘भुर्रकन उडाला’, ‘टर्रकन फाटलं’ यांत आपण लहानपणापासून काढतोय. ‘भुर्र’ म्हणा, मग ‘पुर्र’, मग ‘पेर्र’, मग ‘पेऽर्रो’. रोज दोन मिनिटं पुरतात.

बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, जिभेचं टोक दाबून धरणं. थरथर हवेने होते, जिभेच्या ताकदीने नाही. टोक दातांच्या मागच्या उंचवट्याला सैल टेकवून श्वास जोरात सोडा. दोन, गुळण्या केल्यासारखा र घशातून काढणं. तो फ्रेंच, इथे उपयोगाचा नाही.

एवढं करायचं कारण असं की एकट्या र चा ‘पेऽरो’ म्हणजे ‘पण’. ‘मि पेऽरो’ म्हणजे ‘माझा पण’. समोरचा संदर्भाने समजून घेईल, पण चेहऱ्यावर दिसेल. तपासायचं असेल तर मोबाइलच्या कीबोर्डवर स्पॅनिश भाषा लावून माइकमध्ये तो एकच शब्द बोला आणि फोन एक र लिहितो की दोन ते पाहा. पूर्ण वाक्य बोलू नका. वाक्यात फोन अंदाजाने दुरुस्ती करतो आणि तुमचं खरं प्रगतिपुस्तक कळत नाही.

‘जे’ हे अक्षर ख वाचायचं की ह?

स्पेनमध्ये उर्दूतल्या ‘ख़बर’सारखा घासून, लॅटिन अमेरिकेच्या मोठ्या भागात हलका, ह च्या जवळ. मराठी ‘ख’ मात्र दोन्हीकडे चूक, कारण त्यात हवा आधी अडते. आम्ही ह सुचवतो. तो सगळीकडे समजतो. शिवाय नागपूरकरांसाठी एक खास कारण आहे: ‘सोडून दे, तोंड लावू नको’ याला ‘देऽहा’ म्हणतात. तो स्पेनच्या पद्धतीने घासला की हिंदी ‘देखा’ ऐकू येतो. आपल्या घरात, गल्लीत, टीव्हीवर दिवसभर ‘देखा?’ चालू असतं. कुत्रं दर वेळी कशाला तोंडातलं सोडेल?

‘जी’ अक्षरापुढे ए किंवा इ आला तर तोही ह.

बाकी अक्षरांचं काय?

‘एच’ मुका. हाडूक म्हणजे ‘वेऽसो’, मादी म्हणजे ‘एऽम्ब्रा’. लिहिताना दोन्हीत ‘एच’ आहे, बोलताना नाही.

‘व्ही’ आणि ‘बी’ यांचा उच्चार एकच. वाक्याच्या सुरुवातीला ब, दोन स्वरांच्या मध्ये ओठ न मिटता, आपल्या व च्या जवळचा. म्हणून ‘ये’ हा ‘बेन’.

‘डबल एल’ म्हणजे य: गळपट्टा ‘कोयाऽर’. ब्युनोस आयर्सकडे याचाच श होतो, ‘कोशाऽर’. ऐकून दचकू नका.

‘झेड’, आणि ए-इ पुढे आलेला ‘सी’: लॅटिन अमेरिकेत स. स्पेनच्या बऱ्याच भागात जीभ दातांमध्ये धरून काढलेला आवाज. तो आपला थ नव्हे. स म्हणा आणि पुढे चला.

डोक्यावर लाट असलेला ‘एन’ म्हणजे न्य. हा चुकवू नका. कारण खाली वयाच्या प्रश्नात येईल.

जोर कुठे द्यायचा हे कसं ओळखायचं?

शब्द स्वराने, न ने किंवा स ने संपला तर उपान्त्य अक्षरावर. बाकी व्यंजनाने संपला तर शेवटच्या अक्षरावर. वर तिरकी रेघ असेल तर नियम विसरा, रेघ असेल तिथे जोर. पट्टा ‘कोर्रेऽआ’, मुसकं ‘बोसाऽल’, छातीला बांधायचा हार्नेस ‘आर्नेऽस’ (हा स ने संपतो, पण त्यावर रेघ आहे).

मराठीत जोराने सहसा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपण सगळी अक्षरं सारख्या वजनाने म्हणतो. स्पॅनिशमध्ये ‘एऽस्ता’ म्हणजे ‘ही’ आणि ‘एस्ताऽ’ म्हणजे ‘आहे’. सपाट बोललेलं वाक्य ऐकणाऱ्याला दोनदा ऐकावं लागतं.

कुत्र्याला द्यायच्या नेमक्या आज्ञा कोणत्या?

एवढ्या पुरतात:

बस: स्येऽन्ता. पूर्ण रूप ‘स्येऽन्ताते’, पण कुत्र्यासाठी छोटं बरं.
आडवा हो: एऽचाते. स्पेनमध्ये ‘तूऽम्बाते’ जास्त ऐकू येईल.
जागचा हलू नको: क्येऽतो. मादी असेल तर क्येऽता.
ये: बेन.
थांब: एस्पेऽरा.
तोंडातलं सोड: स्वेऽल्ता.
त्याला हात... म्हणजे तोंड लावू नको: देऽहा.
पायाशी चाल: हूऽन्तो.
शोध: बूऽस्का. आण: त्राऽए.
शाब्बास: मुइ ब्येन. किंवा नराला ‘ब्वेन चीऽको’, मादीला ‘ब्वेऽना चीऽका’.

‘नो’ इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये नोच. ‘माझ्याकडे बघ’साठी ‘मीऽरा’ आहे, पण शेजारी मीरा नावाची मुलगी असेल तर तो शब्द वगळा. ‘बेन’चंही तसंच, गुजराती शेजार असेल तर दिवसातून दहादा कोणती ना कोणती बेन येते-जाते. अशा घरी ‘बेन आकीऽ’ (इकडे ये) असं पूर्ण म्हणा, म्हणजे वेगळं ऐकू येतं.

अर्जेंटिनात आज्ञांचा जोर शेवटी जातो: सेन्ताऽते, बेनीऽ, सोल्ताऽ, एस्पेराऽ. दोन्ही पद्धती एका घरात मिसळू नका.

आमचं कुत्रं ‘सिट’, ‘स्टे’ शिकलेलं आहे. स्पॅनिशवर कसं आणायचं?

क्रम महत्त्वाचा: नवा शब्द आधी, जुना नंतर. ‘स्येऽन्ता’ म्हणा, एक सेकंद थांबा, मग ‘सिट’. बसलं की लगेच खाऊ. खाऊ हरभऱ्याच्या दाण्याएवढाच, नाहीतर दहाव्या वेळी पोट भरलेलं असतं. एका बैठकीत दहा-बारा वेळा, पाच मिनिटांच्या आत संपवा, दिवसातून दोन बैठका. काही दिवसांत ते ‘सिट’ची वाट न पाहता बसायला लागेल, तिथून जुना शब्द बंद. आधी एक आज्ञा पक्की करा, मग दुसरी घ्या.

उलट क्रम लावला, म्हणजे ‘सिट, स्येऽन्ता’, तर काहीच होत नाही. ‘सिट’ ऐकून कुत्रं आधीच बसलेलं असतं. पुढचा शब्द त्याच्यासाठी नुसता आवाज. दोन्ही शब्द एका श्वासात म्हटले तरी तेच. ‘स्येन्ता, स्येन्ता, स्येन्ता’ असा जप केला तर ते तिसऱ्या हाकेला बसायला शिकतं.

सुरुवात घरात, मग अंगणात किंवा गच्चीवर, मग पहाटेचा सेमिनरी हिल्सचा रस्ता. फुटाळा तलावावरची संध्याकाळची गर्दी सर्वांत शेवटी. भेळ, फुगे, गाड्या, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण कुत्र्याला ‘सिट, सिट’ करणार. तुमची आज्ञा स्पॅनिशमध्ये असण्याचा रोजचा फायदा खरं तर इथेच दिसतो.

घरात आजी ‘ये रे राजा’ म्हणतात, मुलं ‘बेन’ म्हणतात. चालेल?

चालेल. एकाच कृतीला दोन शब्द कुत्रं शिकू शकतं, फक्त दोन्ही वेगवेगळे शिकवा. चालत नाही ते हे की एकच शब्द बाबा ‘स्येऽन्ता’ म्हणतात, ताई ‘सिएंटा’ आणि काका ‘सेंटा’. घरच्यांना एकदा बसवून उच्चार ठरवून घ्या. लाड मराठीतच करा. त्याला व्याकरण लागत नाही.

दुसऱ्या कुत्रेवाल्याशी काय बोलायचं?

हात लावायच्या आधी: ‘प्वेऽदो आकारिस्याऽरलो?’ (कुरवाळू का?) मादी दिसत असेल तर शेवटी -ला. ‘म्वेऽर्दे?’ म्हणजे ‘चावतो का?’ तुम्हाला कोणी हे विचारलं तर ‘नो म्वेऽर्दे’. खात्री नसेल तर ‘त्येऽने म्येऽदो’ (घाबरतो) म्हणा, लोक आपणहून मागे सरतात. दिवाळीत आपल्याकडे लागणारं वाक्य तिकडेही सणासुदीला लागतं: ‘त्येऽने म्येऽदो दे लोस पेताऽर्दोस’, फटाक्यांना घाबरतो.

नाव: ‘कोऽमो से याऽमा?’ नर की मादी: ‘एस माऽचो ओ एऽम्ब्रा?’

समोरचं कुत्रं अंगावर येत असेल तर: ‘पोर फाबोऽर, सुहेऽते आ सु पेऽर्रो’, कृपया तुमचा कुत्रा धरा. हे आदरार्थी रूप आहे. अनोळखी माणसाला आदरार्थी, कुत्र्याला एकेरी, आपल्यासारखंच. स्पेनमध्ये बागेतल्या गप्पा मात्र लवकर एकेरीवर येतात. त्यात उद्धटपणा नसतो.

आपल्या देशी कुत्र्याची जात विचारली तर ‘मेस्तीऽसो’ (मिश्र) म्हणा. लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ‘क्रिओऽयो’ म्हणतात. रस्त्यावरचा असेल तर ‘कायेहेऽरो’.

वय विचारताना काय जपायचं?

‘क्वाऽन्तोस आऽन्योस त्येऽने?’ म्हणजे ‘किती वर्षांचा?’ यातला न्य साधा न झाला तर ‘वर्षां’च्या जागी ‘गुदद्वारं’ येतात. उत्तर: ‘त्येऽने त्रेस आऽन्योस’, तीन वर्षांचा. पिल्लू असेल तर ‘सेइस मेऽसेस’, सहा महिने.

आणखी कोणते शब्द जपून वापरायचे?

दोन. ‘पेऽर्रा’ म्हणजे कुत्री, आणि बाईला दिलेली शिवीसुद्धा. कुत्रीबद्दलच बोलत असाल तर चूक नाही, तरी ‘पेर्रीऽता’ म्हटलेलं बरं. दुसरा ‘कोऽहे’. स्पेनमध्ये ‘घे, पकड’ या अर्थाने सर्रास चालतो. मेक्सिको-अर्जेंटिनात तेच क्रियापद अश्लील आहे. चेंडू ‘आण’ म्हणायला ‘त्राऽए’ वापरा, कुठेच अडचण नाही.

दुकानात कुत्र्याचं खाणं कसं मागायचं?

कोरड्या दाण्यांना स्पेनमध्ये ‘प्येऽन्सो’, मेक्सिकोत ‘क्रोकेऽतास’. स्पेनमध्ये क्रोकेऽतास मागितलीत तर माणसांनी खायची तळलेली क्रोकेटं मिळतील. कुठे काय म्हणतात आठवत नसेल तर ‘कोमीऽदा पाऽरा पेऽर्रोस’, कुत्र्यांचं अन्न. चेंडू ‘पेलोऽता’, पाणी ‘आऽग्वा’.

डॉक्टरकडे न्यायची वेळ आली तर?

ही वाक्यं पाठच करा, तिथे फोन काढायला सवड नसते.

‘मि पेऽर्रो एस्ताऽ एन्फेऽर्मो’, माझा कुत्रा आजारी आहे. ‘नो कोऽमे देऽस्दे आयेऽर’, कालपासून खात नाही. ‘आ बोमिताऽदो दोस बेऽसेस’, दोनदा उलटी झाली. ‘त्येऽने द्यार्रेऽआ’, जुलाब. ‘कोहेऽआ’, लंगडतो. ‘आ कोमीऽदो चोकोलाऽते’, चॉकलेट खाल्लं; हे सांगताना वजन आणि किती वेळ झाला तेही सांगा. गोचीड ‘गार्रापाऽतास’, पिसवा ‘पूऽल्गास’.

उन्हाचा फटका म्हणजे ‘गोऽल्पे दे कालोऽर’. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो हे आपल्याला माहीत आहे. स्पेनमधल्या सेव्हिल, कॉर्डोबाकडेही उन्हाळ्यात चाळिशी सहज ओलांडते. ‘हादेऽआ मूऽचो’ म्हणजे ‘खूप धापा टाकतोय’.

तापमान सेल्सिअसमध्ये बोलतात. आपण फॅरनहाइटमध्ये 101 ते 102.5 ठीक धरतो, ते तिथे साधारण 38.3 ते 39.2. ‘त्येऽने फ्येऽब्रे’ म्हणजे ताप आहे.

औषधाचं सांगताना नीट ऐका. ‘काऽदा दोस ओऽरास’ म्हणजे दर दोन तासांनी, ‘काऽदा दोऽसे ओऽरास’ म्हणजे दर बारा तासांनी. शेवटचा ए गिळणाऱ्या कानाला दोन्ही एकच वाटतात. आकडा कागदावर लिहून घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका.

कुत्र्यासकट स्पेनला जायचं आहे. कागदपत्रांत काय असतं?

युरोपीय संघाचा क्रम पक्का आहे. आधी 15 अंकी मायक्रोचिप (मिक्रोचीऽप), नंतर रेबीजची लस (बाकूऽना आन्तिर्राऽबिका). चिपच्या आधी टोचलेली लस धरत नाहीत. लस देताना पिल्लू किमान 12 आठवड्यांचं हवं. लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत प्रतिपिंडांची (अँटिबॉडींची) चाचणी. आकडा प्रति मिलिलिटर 0.5 आंतरराष्ट्रीय युनिट किंवा जास्त हवा. रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. म्हणजे शून्यापासून चार महिने धरून चला. निघायच्या तोंडावर सरकारी पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र (सेर्तिफिकाऽदो सानिताऽर्यो). ते दिल्यापासून 10 दिवसांत तिकडे पोहोचायचं. लस सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात घ्या की धरमपेठेतल्या खासगी दवाखान्यात, पुस्तिकेत चिपचा नंबर आणि लसीचं स्टिकर लावून घ्या. केंद्राच्या पशु संगरोध (क्वारंटाइन) कार्यालयाचं काम मुंबई, दिल्लीसारख्या ठिकाणी करावं लागतं, ते दिवस वेगळे धरा.

रॉटवायलर असेल तर वेगळं काही?

हो. स्पेनमध्ये 1999 चा कायदा आणि 2002 ची नियमावली यांनुसार रॉटवायलर, आकिता, पिट बुल, दोऽगो आर्हेन्तीऽनो अशा आठ जाती ‘संभाव्य धोकादायक’ यादीत आहेत. मालकाला परवाना (लिसेऽन्स्या) आणि विमा (सेगूऽरो) लागतो. सार्वजनिक जागी मुसकं आणि दोन मीटरपेक्षा कमी लांबीचा, न ताणला जाणारा पट्टा बंधनकारक. बटण दाबून लांब होणारा पट्टा चालत नाही, तो नागपुरातच ठेवून जा. पोलिसाने ‘एल बोसाऽल?’ एवढंच विचारलं तरी समजा, तो मुसक्याबद्दल विचारतोय.